पगारेचा डावा पाय

आमच्या रविवारच्या कंपूचे किस्से मी सांगायला बसलो की बायको म्हणते, "झालं! आता चहा तुमचा तुम्हीच करून घ्या!" चूक तिची नाही. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि दुसरा संपायच्या आत तिसरा. मी काही कधी लिहून ठेवलं नाही. चार माणसं आठ-नऊ वर्षं दर रविवारी एकत्र चालली की आपोआप साठत जातं. त्यातले हसायचे किस्से आता आमच्या मुलांनाही पाठ आहेत. बाकीचे मी सहसा सांगत नाही.

चौघांची ओळख करून देतो. मेजर गुप्ते, तोफखान्यातून रिटायर झालेले, देवळालीला बंगला. पगारे, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. खैरनार, विमा एजंट, मूळ नामपूरचा. घाबरला की शुद्ध मराठी विसरून थेट अहिराणीत जायचा. आणि मी सोनवणे, नाशिक रोडला औषधांचं दुकान.

देवळाली कॅम्पात नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. मेजरसाहेबांच्या शिफारशीवर आम्हाला रविवारी सकाळी खेळता यायचं. गोल्फ म्हटलं की लोकांना गालिच्यासारखी हिरवळ दिसते. आमच्याकडे झेंड्याभोवती तेल ओतून चोपलेली वाळू होती! उन्हाळ्यात बूट चिकटायचे.

*

पगारे गोल्फमध्ये आला तो कामावरून. आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात. मैदानाच्या कडेने पाण्याची चारी जायची होती, तिच्या मोजणीला तो आला होता. मेजरसाहेबांचा चेंडू त्याच्या पायाशी येऊन पडला. पगारेने तो उचलला, रुमालाने पुसला आणि अदबीने आणून दिला!

"अहो, उचलायचा नसतो!" मेजर ओरडले. "आता कुठून मारू मी?"

"माफ करा साहेब. इथेच होता." पगारेने बुटाच्या टाचेने खूण दाखवली.

मेजर चिडलेलेच होते. टोमणा म्हणून म्हणाले, "एवढं माहीत आहे, तर झेंडा किती लांब तेही सांगा!"

"एकशे बेचाळीस मीटर. आत्ताच साखळी टाकलीय."

मेजरसाहेबांनी पिशवीतून दुसरी स्टिक काढली आणि मारला. चेंडू झेंड्यापासून हातभर लांब पडला. ते पगारेकडे वळून म्हणाले, "रविवारी काय करता हो तुम्ही?"

पुढच्या रविवारी पगारे गंगापूर रोडवरून दोन एसट्या बदलून हजर! मेजरसाहेबांनी आपल्या जुन्या स्टिका त्याला देऊन टाकल्या.

*

त्या स्टिकांनी पगारेच्या चाळीत धमाल उडवून दिली. एसटीच्या कंडक्टरला त्या मासे पकडायच्या गळासारख्या वाटायच्या. "गंगापूर धरण तिकडं राहिलं की राव!" असं तो दर रविवारी म्हणायचा. शेजारच्या काकू शेवग्याच्या शेंगा पाडायला हक्काने पाच नंबरची स्टिक मागून न्यायच्या. पगारेची बायको, सुशीलावहिनी, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्या म्हणायच्या, "भाऊजी, यांच्या खेळाचा आम्हाला एवढाच उपयोग. आमटी चांगली होते!"

एकदा पगारेचे वडील सिन्नरकडच्या गावाहून आले. त्यांना सगळे दादा म्हणत. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले, अंगात पांढरं बंडी-धोतर, बोलणं कमी. लेक कुठे जातो ते बघायला मैदानावर आले आणि नऊच्या नऊ होल आमच्या मागून चालले. शेवटी पगारेने विचारलं, "कसं वाटलं, दादा?"

दादांनी चारी बाजूंना बघितलं. "एवढी जमीन," ते म्हणाले, "आन कायबी पेरीत नाय?"

आम्ही हसून हसून लोळलो! दादाही हसले.

मग क्लबच्या व्हरांड्यात बसलो. बेअररने ट्रेमधून पाण्याचे पेले आणले. दादा त्या पेल्याकडे बघत राहिले. गावात त्यांच्या तरुणपणी पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. "हेच प्यायचं का?" त्यांनी लेकाला हळूच विचारलं. पगारेने मान हलवली. ते प्यायले, उठले, कोपऱ्यातल्या नळावर गेले आणि पेला धुऊन, पालथा घालून ठेवला.

बेअरर पुढे धावला, त्याला पगारेने हातानेच थांबवलं. तो स्वतः उठला आणि आपला पेला धुऊन दादांच्या पेल्याशेजारी ठेवला. मग मेजरसाहेब उठले. आयुष्यात त्यांनी स्वतःचा पेला कधी विसळला नसावा. बाही कोपरापर्यंत भिजली. खैरनार आणि मी त्यांच्या मागे रांगेत. पाच पेले धुतले गेले.

परतताना बसमध्ये दादा एवढंच म्हणाले, "साहेबाला पेला धुता येत नाय."

*

दर जानेवारीत मैदानावर जोड्यांची स्पर्धा असायची. एक साधा चांदीचा कप. मेजरसाहेब वीस वर्षं खेळत होते आणि एकदाही जिंकले नव्हते. जोडीदार कायम मोठे अधिकारी, आणि अधिकारी जोडीदाराचं ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एशियाडचं वर्ष होतं. लोक कलर टीव्ही बघायला एकमेकांच्या घरी जात होते. मेजरसाहेबांना पावसाळ्यात हृदयाचा त्रास झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, "हा हिवाळा खेळा. पुढच्याचं पुढे बघू." हे त्यांनी फक्त मला सांगितलं. औषधं माझ्याच दुकानातून जायची, लपवून उपयोग नव्हता.

पगारेचा खेळावर हात त्या वर्षी इतका बसला होता की बघत राहावं. एका रविवारी मेजरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पगारे, या जानेवारीत माझ्याबरोबर तुम्ही."

पगारे लाजला. "साहेब, मी ऐकेन तुमचं."

"छे, छे! तुम्ही सांगायचं. मी ऐकणार!"

*

आणि दिवाळीत मी म्हणालो, चला साल्हेरला!

हो, मीच. खैरनारने फराळाला नामपूरला बोलावलं होतं. मेजरसाहेब घरीच राहिले. आम्ही तिघे दोन दिवस खाऊन सुस्तावलो होतो. तिसऱ्या दिवशी मी टूम काढली. पगारे म्हणत होता, "जानेवारीपर्यंत डोंगर नको रे." मी त्याची चेष्टा केली. "साखळी टाकून चढ की, ड्राफ्ट्समन!"

वर चढलो, वारा खाल्ला, पाय पसरून शंकरपाळे खाल्ले. संकट उतरताना आलं. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका बाजूला खोल दरी. अर्ध्यावर माझे डोळे खाली गेले आणि मी जागीच थिजलो. पाय उचलेना. पगारे आणि खैरनार पार पुढे गेले होते. पगारे वीस-पंचवीस पायऱ्या परत वर आला.

"सोनवणे, माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस. हात दे."

मी हात दिला आणि नुसता हात न देता सगळं अंगच त्याच्यावर टाकलं. तो मला कातळाच्या बाजूला ढकलून स्वतः चार पायऱ्या गडगडत गेला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी वर बसून तो ऐकला.

खैरनार धावत वर आला. "काय व्हयनं? काय व्हयनं रे भाऊ?"

पगारेचा चेहरा पांढराफटक पडला होता. पायाकडे तो बघत नव्हता. "कुठला आहे रे?" त्याने विचारलं. "डावा की उजवा?"

"डावा शे," खैरनार म्हणाला.

गोल्फमध्ये फटका मारताना अंगाचा सगळा भार शेवटी डाव्या पायावर येतो. पगारेने डोळे मिटले. "मग संपलं," म्हणाला.

पायथ्याच्या लोकांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणलं. वाटेत तो एकदाही ओरडला नाही. नाशिकला आल्यावर वहिनींनी विचारलं, कसे पडलात? मी तोंड उघडणार एवढ्यात पगारे म्हणाला, "गवतावरून घसरलो. माझंच लक्ष नव्हतं."

मी तोंड मिटलं. ते मिटलेलंच राहिलं.

*

प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत. गंगापूर रोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पगारे खुर्चीत बसून राहायचा. पंधरा दिवसांनी त्याने वहिनींकडून वाटी मागून घेतली, ती जमिनीवर आडवी ठेवली आणि बसल्या बसल्या तिच्यात चेंडू ढकलायला लागला. टण्ण! टण्ण! खालच्या मजल्यावरचे अप्पा वर आले. "पगारे, या वयात गोट्या?"

"अप्पा, प्रॅक्टिस!"

"कशाची?"

 पगारेने वाटीत फडकं घातलं. मग आवाज बंद झाला.

मेजरसाहेब दर बुधवारी यायचे. दोन जिने चढून. प्रत्येक जिन्यावर थांबायचे. वर आल्यावर दारातच उभे राहून श्वास जुळवायचे आणि मगच कडी वाजवायचे. पगारेला पत्ता लागू नये म्हणून! पण वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायच्या. एका बुधवारी त्यांनी दार उघडून सांगितलं, "साहेब, तुम्ही इतकं चढू नका. हेच येतील बरे झाले की."

"बाई," मेजर हसून म्हणाले, "ते येईपर्यंत मी बसून राहू का?"

जोडीचं नाव बदलायची तारीख जवळ आली. पगारे त्यांच्या मागे लागला, सोनवणेला घ्या. मेजर तयार होईनात. शेवटी पगारे म्हणाला, "साहेब, मी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं ठरलंय ना?"

 आणि जोडीदार म्हणून माझं नाव लागलं.

*

स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्लॅस्टर निघालं. पाय काठीसारखा वाळलेला. डॉक्टर म्हणाले, "खेळायचं नावही काढू नका." पगारे कुबडी घेऊन आला आणि शेवटच्या झेंड्यापाशी खुर्ची टाकून बसला.

मी कसा खेळलो ते विचारू नका. पहिलाच चेंडू बाभळीत!  सातव्या होलला मेजरसाहेब दगडावर टेकले. मी जिभेखालची गोळी काढून दिली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "पगारे माझ्यामुळे पडला."

"माहीत आहे."

"त्याने सांगितलं?"

"त्याने सांगितलं, मी घसरलो." मेजर छातीवर हात ठेवून होते. "अहो, आठ वर्षं मी या माणसाला चालताना बघतोय. तो एकटा घसरत नाही. कुणीतरी बरोबर असणारच. खैरनार असता तर दुसऱ्याच दिवशी रडत माझ्याकडे आला असता."

मी मान खाली घातली. त्यांनी उठायला माझा हात मागितला. उठले, आणि हात लगेच सोडला नाही. "त्याला कधीतरी सांगा," म्हणाले. "माफी नका मागू. नुसतं सांगा."

आम्ही शेवटून दुसरे आलो. पगारेने खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या.

होळीच्या आधी मेजरसाहेब गेले. पगारे लंगडत आला. खांदा द्यायला पुढे झाला, पण त्याच्या चालीने तिरडी हेलकावे खाऊ लागली. चार पावलांवर तो आपणहून बाजूला झाला आणि मागून चालत राहिला. मी त्याच्या शेजारी होतो. तेव्हा सांगितलं मी त्याला.

"अरे, मी तिथेच होतो की," पगारे म्हणाला.

*

आता हा शेवटचा.

मे महिन्यात मेजरसाहेबांच्या पत्नीचा, माईंचा निरोप आला. चाळीस वर्षांच्या संसारात माईंनी मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. साहेब रविवारी पहाटे जायचे, अकराला यायचे, जेवायचे, पेपर तोंडापुढे धरायचे. माईंना एकदा ते सगळं बघायचं होतं. पगारेने घेऊन जावं, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांनी पगारेला एवढं चालायची अजून परवानगी दिली नव्हती. तरी तो आला. सकाळी साडेसहा वाजता पांढऱ्या नऊवारीतल्या माई आणि लंगडणारा पगारे, दोघे एका चालीने निघाले. खैरनार आणि मी पाच-सहा पावलं मागे. स्टिका कोणी घेतल्या नव्हत्या.

प्रत्येक झेंड्याशी माई थांबायच्या आणि विचारायच्या, "इथे काय म्हणायचे हे?"

आणि पगारे सांगायचा.

"इथे म्हणायचे, आमच्या हिच्या हातचं थालीपीठ खाऊन आलं की चेंडू सरळ जातो."

"इथून तुमच्या बंगल्याचं कौल दिसतं. इथे दर वेळी थांबायचे. म्हणायचे, आता ही पूजेला बसली असेल."

"इथे एकदा म्हणाले, बदल्यांमध्ये हिचं गाणं सुटलं, ते माझ्यामुळे. पण हे मी हिला कधी म्हणालो नाही."

खैरनारने माझ्याकडे बघितलं. मी खैरनारकडे. आठ वर्षांत एकाही रविवारी आम्ही दोघे गैरहजर नव्हतो. मेजरसाहेब खेळताना वारा, उतार आणि अंतर यापलीकडे बोललेले आम्हाला तरी आठवत नव्हते.

पगारे मात्र नऊही होल सांगत गेला. सातव्यानंतर त्याचा पाय सुजून बुटाबाहेर आला होता. मी आधार द्यायला पुढे झालो, त्याने मला मागेच थांबायची खूण केली.

शेवटच्या झेंड्यापाशी माई उभ्या राहिल्या. मग पदराने तोंड पुसून पगारेला म्हणाल्या,

"घरी नाही हो कधी एवढं बोलले."