रिकामी किटली

सांगलीच्या दवाखान्यातून थोरल्या पोराचा फोन आला, तेव्हा मी गोठ्याच्या दारात उभा होतो. "दादा... आई गेली." पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, ती साखरेमुळं चिघळत वर चढली. हौसा, माझी बायको, जाऊन सव्वा महिना झाला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, चुका असतील. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेणार नाही.

आमचं गाव औंधच्या बाजूला. तरणेपणी मी तालमीत घुमायचो. बैठका मारून आलो की हौसा धारोष्ण दुधाचा तांब्या पुढं करायची. व्यायाम म्हणजे तो, आणि तो गड्यांनी करायचा, हे डोक्यात घट्ट. रानात राबणाऱ्या बाईला कसला आलाय व्यायाम? पण गुडघ्यांपायी तिचं रान सुटलं, साखर निघाली आणि डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. बूट घालून, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

आमच्याकडं बाई बिनकामाची रस्त्यानं फिरत नाही. म्हणून ती हातात दुधाची किटली घेऊन निघायची. बघणाऱ्याला वाटावं, डेअरीला चाललीय. एक दिवस पारावर आम्ही बसलेलो. एकजण म्हणाला, "गड्या, तुझी म्हस तर आटलीया. मग वैनी रोज कुणाचं दूध घालत्यात रं?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात ती समोरून आली.

"झाकण काढ," मी म्हणालो.

तिनं काढलं. किटली कोरडी ठाक.

"रिकामी हिंडतीस व्हय गावभर? लाज न्हाई वाटत?"

ती हळूच म्हणाली, "आवं, तुमी तालमीला जायचा, तवा तुमास्नी कुणी इचारलं का?"

मी जास्तच ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. मला वाटलं, अक्कल आली.

परवा सूनबाईपाशी म्हणालो, "तिनं चालणं सोडायला नको हुतं."

"कुठं सोडलं, मामा? दुपारी तुमी झोपला की आत्याबाई पुढच्या सोप्यातनं मागच्या परसदारापातूर फेऱ्या मारायच्या."

"मला कवा ऐकू आलं न्हाई ते!"

"बूट काढून चालायच्या. तुमी उठू नये म्हणून. खिळा तिथंच लागला. साखरेनं पाय बधिर, त्यास्नी कळलाबी न्हाई."

सोपा ते परसदार बावीस पावलं आहेत. काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा अनवाणी चालून बघितलं. खरंच आवाज होत नाही.