प्रकाशला चर्च सोडायचं होतं

"फादर, हा प्रश्न मला विचारू नका. मी खोटं बोलणार नाही."

प्रकाश असं म्हणाला आणि ऑफिसातली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून चर्चमध्ये घेण्याचा विधी. आदल्या संध्याकाळी मी आईबाप आणि धर्मपित्याला बोलावून तालीम घेतो. धर्मपिता बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेतो. त्याला सगळ्यांदेखत विचारतात, तुमचा देवावर विश्वास आहे का? त्याने 'होय, आहे' म्हणायचं असतं. आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या, खानदेशी घरांत हा मान मामाचाच. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं, तीच रीत इथेही चालत आली आहे. मामा हजर असताना दुसरा कोणी उभा राहिला तर पाहुण्यांत कुजबुज होते.

प्रकाश हा मामा. दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर. पंचेचाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. लग्न केलं नाही, म्हातारी आई त्याच्याजवळच असते.

"भाऊ, नुसतं होय म्हण ना. कोण ऐकतंय?" बहीण म्हणाली.

"मी ऐकतोय," प्रकाश म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "फादर, प्लांटमध्ये मी मीटर बघितल्याशिवाय रीडिंग लिहीत नाही. इथे मात्र लहानपणापासून न बघता होय म्हणत आलो. आता बास. चर्चच्या रजिस्टरमधून माझं नाव काढून टाका."

मला राग आला. बाळ समोर झोपलेलं, बहिणीच्या डोळ्यांत पाणी, आणि याला आजच सत्य सुचतंय! "सोमवारी एकटा ये," एवढंच मी म्हणालो. बाप्तिस्म्याला बाळाची पारोळ्याची आत्या धर्ममाता म्हणून उभी राहिली. धर्मपिता किंवा धर्ममाता, एक जण असला तरी चालतं. प्रकाशची आई, मार्थाआक्का, पुढच्या बाकावर बसली होती. विधीनंतरच्या जेवणात तिने घास तोंडात घातला नाही.

मी धर्मगुरू आहे. लोकांना आत कसं घ्यायचं, हे आम्हाला सेमिनरीत, म्हणजे आमच्या प्रशिक्षणाच्या घरात, वर्षानुवर्षं शिकवतात. बाहेर कसं जाऊ द्यायचं, हे कुणी शिकवत नाही. सोमवारी तो आला तेव्हा मी माझ्या अंदाजाने विचारत गेलो. कुणाशी भांडण झालंय का? कुणी प्रचारक भेटला का? लग्नाचा काही विषय?

"नाही."

"मग कुठे चाललास?"

"कुठेच नाही. फक्त इथे नाही."

दुसरीकडे जाणाऱ्याशी वाद घालता येतो. याच्याशी कशावर घालणार?

मी बिशप हाऊसला, म्हणजे आमच्या वरच्या कचेरीत, फोन लावला. तिथले सेक्रेटरी फादर शांतपणे म्हणाले, "नाव खोडता येत नाही. बाप्तिस्मा झाला तो झाला, तो पुसत नाहीत. त्याने स्वतःच्या हाताने निवेदन लिहावं, तुमच्यासमोर वाचावं आणि सही करावी. एक कॅथलिक साक्षीदार हवा. मग बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावाशेजारी समासात नोंद करा. आणि परिणाम नीट समजावून सांगा."

मी समजावले. कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनेत मिळणारा पवित्र प्रसाद, बंद. धर्मपिता होता येणार नाही. मेल्यावर चर्चचा अंत्यविधी नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालेल."

साक्षीदार मात्र मिळेना. बहिणीने नाही म्हटलं. पॅरिश कौन्सिलचे नाना तर हात जोडून म्हणाले, "फादर, काही बी सांगा, हे पाप माझ्या सहीनं नको." घंटा वाजवणारा आमचा सेवक प्रकाशला बघितलं की मागच्या दाराने निघून जायचा. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. साक्षीदार नाही, तर विषय आपोआप बारगळेल.

असेच काही आठवडे गेले. एक दिवस प्रकाश आला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"आई बोलत नाही माझ्याशी," तो म्हणाला. "ताट वाढते आणि आत निघून जाते. बाकी कशाचं काही वाटत नाही, फादर. हे सहन होत नाही."

"मग सोड हा नाद."

"सोडला तर रोज तिच्यासमोर बसून नाटक करावं लागेल. तेही तिला कळेलच. आई आहे ती."

तो गेल्यावर मी चॅपेलमध्ये, आमच्या छोट्या प्रार्थनेच्या खोलीत, जाऊन बसलो, पण प्रार्थना काही जमली नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी मार्थाआक्का रिक्षाने एकटीच आली. पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"फादर, त्याले नरक शे का?"

"मला माहीत नाही, आक्का. तो निकाल माझ्या हातात नाही."

तिने पुढे विचारलं, "मी मरनू ते तो माले खांदा देवाले चाली का?"

कौन्सिलचे लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण मी म्हणालो, "चालेल. आईला खांदा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मी इथे आहे तोवर त्याला कुणी अडवणार नाही."

"मंग सही कोठे कराणी शे, दखाडा."

मी चकित झालो. "आक्का, तुम्हाला हे पटतंय?"

"नही पटस," ती ताडकन म्हणाली. "पन त्याना डोकावर पाणी टाकं तवय मीच उभी व्हतू. आते तो जाई ऱ्हायना, ते एकला कसा जाऊ देऊ?"

सही दुसऱ्या दिवशी झाली. प्रकाशला वाटलं, ती त्याला अडवायला आली आहे. त्याने निवेदन वाचलं. आवाज स्थिर होता. मग मी पेन आक्काच्या पुढे केलं तेव्हा कुठे त्याला कळलं, की साक्षीदार कोण ते. तो उठून उभा राहिला.

"आई, तू नको करू हे."

"गप बस," ती म्हणाली. "खाले बस."

इतक्या आठवड्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. हा एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकवून रडला. आक्काने सावकाश, एकेक अक्षर जोडत 'मार्था' लिहिलं, पेन माझ्या हातात दिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मी रजिस्टर उघडून समासात नोंद केली. मला दुःख झालं, ते लपवत नाही. मी त्याला थांबवू शकलो नाही, याचं दुःख.

याला आता बराच काळ झाला. आक्काचे गुडघे गेले आहेत, पण तिला रविवारचा मिस्सा चुकवायचा नसतो. प्रकाश तिला स्कूटरवर घेऊन येतो, पायऱ्यांवरून उचलून आत आणतो आणि तिच्या नेहमीच्या बाकावर बसवतो. पदर नीट करतो, गीतांचं पुस्तक हातात देतो. पहिल्या गीताच्या आत तो बाहेर गेलेला असतो. चर्चमध्ये होता तेव्हा तो महिन्यातून एखादा रविवार यायचा, आता एकही चुकवत नाही. सोडून जाणाऱ्यांविषयी ठाम मत देणं मी तेव्हापासून बंद केलं आहे.

तिला नीट बसवून तो दाराबाहेर पडेपर्यंत मी वेदीजवळ उभा राहतो आणि मिस्सा सुरू करत नाही. फादरला हल्ली उशीर होतो, अशी नानांची तक्रार आहे. असू दे.