ओव्हनची आंघोळ

आमचा ओव्हन मूळचा शेजारच्या भाभींचा. त्यांचे मिस्टर आखातात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहेत. एका सुट्टीत ते मोठा ओव्हन घेऊन आले आणि जुना आमच्याकडे आला. अष्टमी गावात बेकरी असताना नानकटाई घरी कशाला, असं म्हणणारे आमचे हे आता शिफ्टला जाताना डबा भरून नेतात.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी-कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. त्या वर्षी ओव्हनलाही मान द्यायचं मी ठरवलं. पूजेला बसायचं तर आंघोळ हवीच. सोड्याचा लगदा केला, फडकं पाण्याने निथळतं केलं आणि आतल्या तापणाऱ्या काळ्याकुट्ट कांबीला हात घालणार, तेवढ्यात भाभी झेंडूची फुलं घेऊन आल्या.

"बंद केलास काय गो?"

"व्हय, बटण बंद हाय."

फुलं ओट्यावर टाकून त्यांनी आधी बोर्डातली पिन उपसली.

"बटण बंद म्हंजे बंद नाय. पिन हातात आली म्हंजे बंद."

मग माझी चांगलीच हजेरी घेतली. कांबीला पाणी लावायचं नाही, लगदा फक्त आतल्या भिंतींना, तो पिळलेल्या फडक्याने पुसायचा आणि खडखडीत सुकल्याशिवाय पिन लावायची नाही. माझ्याच स्वयंपाकघरात मला शिकवणाऱ्या या कोण, म्हणून मी दसरा होईपर्यंत फुगून होते.

दिवाळीआधी पंखा बघायला वायरमन आला, तेव्हा ओव्हनचा बोर्डही दाखवला. बटण बंद, तरी त्याचा टेस्टर पेटला. वायरी उलट्या जोडल्या होत्या. पिन लावलेली असली की बटण काहीही असो, करंट आत कांबीपर्यंत पोचत होता. ते ऐकून मी तशीच भाभींकडे गेले. त्यांचा हात धरून रडले नुसती. त्यांनी चहा टाकला.

वायरी तेव्हाच सरळ करून घेतल्या. तरी खंडेनवमीला ओव्हनची पिन मी पाटावर दिसेल अशी ठेवते आणि पहिलं फूल तिलाच वाहते. दुसऱ्या दिवशी भाभींकडे सोनं द्यायला जाते, तेव्हा त्या आधी पिनेची चौकशी करतात, मग हात पुढे करतात. मी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवते. ज्या हाताने ठेवते, तो त्यांच्यामुळेच शाबूत आहे.