मगन ओठ वाचतो

सुरतेतल्या उधन्याच्या लूमखात्यात, कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या गदारोळात, माणूस ओरडतो आणि मशीन त्याचं बोलणं गिळून टाकतं. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सारं पलीकडच्या लूमवरून नुसत्या तोंडाकडे बघून कळतं. डिंडोलीच्या मगनची उमर अशाच बोलण्यात गेली. कान थकले, नजर मात्र धारदार राहिली.

घरी त्याच्यासाठी सगळे मोठ्यानं बोलत. लेक हर्षदा तर मोठ्यानं बोलतच वाढली, आणि तेच आता तिच्या आड आलं होतं. जवळच्या छोट्या इंग्रजी शाळेत तिला पहिलीचा वर्ग मिळायचा होता. त्यासाठी मुलांपुढे पाठ घेऊन दाखवायचा होता: इंग्रजी शब्दांतले आखूड आणि लांब स्वर. पहिला पाठ फसला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बेन, शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. तुम्ही मेंढीला नुसती मोठ्यानं हाक मारता. स्वर कुठे लांबतो? सोमवारी फरी या, परत एकदा. पण छेल्ली वार हं, शेवटची."

घरी हर्षदा सरावाला बसली. "शिप. शीऽप!" शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

समोर बसलेला मगन म्हणाला, "वरडू नको, माय. तोंड तेच शे."

"आबा, तुम्हले इंग्रजी येस का?"

"नही. पन दोन्हीबी येळले तोंड तेच."

त्याची बायको सुंदरा भाकरी थापता थापता हसली. "ऐकू येस नही, आनि पोरनी परीक्षा लेतस!"

"ऐकू येस नही म्हनीसनच लेस."

मग त्यानं खात्यातली रीत लावली. हर्षदानं आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. ओठ दोन्हीकडे ताणले गेले की मगनचा हात वर जाई, आणि ते ताणलेले असेपर्यंत वरच राही. चुकलं की तो मान हलवी. रविवारपर्यंत मान हलायची जवळजवळ थांबली.

सोमवारी वर्गात उभी राहिल्यावर मात्र जुनी सवय उसळली. पहिल्याच शब्दाला पुढच्या बाकावरच्या पोरांनी कानांवर हात ठेवले. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. हर्षदा थांबली. पोरांना हळूच म्हणाली, "हात वर करा. माझा आवाज संपेपर्यंत खाली आणायचा नाही."

"सिट." हात वर गेले न गेले तोच खाली.

"सीट." हात वर राहिले, हवेत डुलत राहिले. मागच्या बाकावरच्या एकीनं तर स्वर संपल्यावरही खाली आणला नाही. मोठ्या बाईंना हसू आलं.

संध्याकाळी मगन आणि सुंदरा ओट्यावर वाट बघत होते. रस्त्यापलीकडे हर्षदा दिसली. मधून टेम्पो, रिक्षा, हॉर्न. तिनं तिथूनच ओठ हलवले.

सुंदरा वैतागली. "काय म्हनी ऱ्हायनी ती?"

मगन पेढे आणायला चपला शोधत होता.