बोटात रुतलेली अंगठी

सकाळी बागेत एक लठ्ठ बाई चालायला येते. समोरून कुणी आलं की थांबते, ओढणी सारखी करते, उगाच मोबाइल बघते. माणूस पुढे गेला की पुन्हा चालू लागते. मला माझी ताई आठवते.

ताईही अशीच चोरून चालायची. वजनाचा काटा हलायचा नाही. पण साखर उतरली, आणि डॉक्टर म्हणाले, शरीराच्या आतली सूजही ओसरतेय. ताईला ते पटलं अंगठीवरून. लग्नातली अंगठी कित्येक वर्षं बोटात रुतून बसली होती. एकदा माझ्यापुढे हात धरून म्हणाली, "बघ गं, फिरतेय!"

पुढे एका हळदीकुंकवाला कुणीतरी सगळ्यांदेखत हसून म्हणालं, "चालायला जातेस म्हणे? दिसत तर नाही कुठे!" ताईने पुन्हा बूट घातले नाहीत. आत उतरलेली सूज कुणाला कशी दाखवायची?

ताई गेली तेव्हा अंगठी निघेना. कापूनच काढावी लागली.

समोरून ती बाई येतेय. मी वाट सोडून गवतात उतरते आणि पाठ फिरवून उभी राहते. तिनं थांबू नये.