चांदीवरचं पांघरूण

काताच्या पाण्यासारखा गडद तपकिरी थेंब. लेकीच्या मिटलेल्या पापण्यांच्या कडेला तो क्षणभर थरथरायचा, मग कानाच्या दिशेने ओघळायचा आणि गालावर मातकट रेघ ठेवून जायचा. फाल्गुनातले दिवस होते. कळंबच्या शिवारात भाताच्या रोपांसाठी जमिनीवर राब भाजायला सुरुवात झाली होती; पालापाचोळ्याचा आणि शेणाचा कडवट धूर दारातून आत येई आणि मी बाळंतिणीच्या बाजेवर बसून पदराने तो परतवण्याचा वेडा खटाटोप करीत असे. धूर का कधी पदराला भितो? पण भीतीला कुठे तर्क असतो!

माझी आई हयात नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बाळ जन्मलं ते धडधाकट. पण बारशाच्या आधीच तिचे डोळे चिकटले, पापण्या सुजल्या, पू येऊ लागला. कर्जतचे डॉक्टर मितभाषी. "बुबुळाला जखम झाली नाही, तर दृष्टी वाचेल," एवढंच ते म्हणाले. त्या वाक्यातला 'तर' माझ्या काळजात रुतून बसला. औषध म्हणून त्यांनी एक काळपट बाटली दिली, तिच्यात प्रथिनात बांधलेली चांदी होती.

मी लग्नाआधी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई, त्यामुळे त्या बाटलीत काय चाललं आहे हे मला कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच झोप नव्हती. चांदीचे कण इतके सूक्ष्म की ते पाण्यात तरंगतच राहतात, बुडाशी बसत नाहीत. पण त्यांचा हा संसार फार नाजूक. मिठाचा अंश लागला की उघडे कण एकमेकांना बिलगतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि निकामी होऊन ते तळाला जातात. डोळ्यातलं पाणी तर मुळातच खारट! मग तिथे चांदीने तग धरावा कसा? प्रथिनाच्या लांबच लांब, वेटोळ्या साखळ्या प्रत्येक कणाला कवटाळून बसतात. कणाला कणाजवळ जाऊ देत नाहीत आणि तरीही चांदीचा जंतुनाशक गुण थोडा थोडा बाहेर झिरपू देतात. केवढं विलक्षण हे रक्षण! अंगाने मऊ, स्वभावाने नाशिवंत अशा पदार्थाने धातूला सांभाळावं! वर्गात हे सांगताना मला कोण मौज वाटे. आता त्याच अदृश्य पांघरुणावर माझ्या लेकीचे डोळे अवलंबून होते आणि मौजेचा लवलेश उरला नव्हता. जे इतकं मऊ आहे ते टिकेल किती, हाच घोर दिवसभर लागलेला असे.

सासूबाई मायाळू. थेंब पडला की पोर किंचाळते, हे त्यांना बघवत नसे. त्या घराची रीतच अशी की तान्ह्या जिवाला जे द्यायचं ते ऊन करून द्यायचं. तेल असो, पाणी असो, गुटी असो. एका सकाळी मी बाटली मागितली, तर त्या ती चुलीच्या वैलावरून पदरात धरून घेऊन आल्या.

"कवळ्या डोळ्यात गार औषध सोडायचं म्हंजे काय गं? ऊन करून आणलंय. आता बग, रडायची नाय पोर."

बाटली हातात धरवेना. मी ती पदराने धरून उजेडाकडे केली. अंड्याचं पांढरं आचेवर शिजावं तसं आतलं प्रथिन शिजलं होतं. पाण्यात मळकट चोथा फिरत होता आणि तळाला काळा गाळ जमला होता. दूध फाटतं तशी चांदी फाटली होती. "अहो आई, औषध गेलं!" मी ओरडलेच. आमचे हे तसेच न जेवता सायकल काढून कर्जतच्या रस्त्याला लागले.

ती दुपार मी विसरलेली नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचे बोळे भिजवून मी पापण्या पुसत होते आणि पू पुन्हा पुन्हा येत होता. सासूबाईंचा राग आला होता, अगदी मनापासून आला होता. त्या उंबऱ्याशी बसून होत्या. आतही येईनात, बाहेरही जाईनात. शेवटी म्हणाल्या, "माज्या हातानं पोर आंधळी झाली, तर मी जगू कशी गं?" तो प्रश्न ऐकला आणि माझ्या रागाचं पाणी झालं. त्यांनाही तोच घोर होता, आणि तो त्यांनी एकटीने गिळला होता. मी त्यांना जवळ बोलावलं, बोळा त्यांच्या हाती दिला. मग एक डोळा त्यांनी पुसायचा, एक मी, असं आम्ही सायकलची घंटा वाजेपर्यंत करीत राहिलो.

ओल्या रुमालात गुंडाळून नवी बाटली आली. सासूबाईंनी ती चुलीपासून दूर, काळोख्या खोलीत भाताच्या कणगीआड ठेवली आणि घरातल्या कुणालाही तिथे फिरकू दिलं नाही. पुढे पू आटला, सूज उतरली. डॉक्टरांनी पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बुबुळ साफ आहे." मी ढसाढसा रडले.

संकट टळलं की भीतीही जाते, असं तुम्ही म्हणाल. माझी गेली नाही. सुमन रांगू लागली, शाळेत गेली, मोठी झाली. पण ती झोपली की मी हळूच तिची पापणी उचलून पाहायची. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. आता ती नोकरीला लागली आहे. परवा सुटीला आली आणि जेवण झाल्यावर ओटीवर आडवी झाली. श्वास संथ लागला होता. मी वाकले, बोट पापणीपाशी नेलं.

डोळे तसेच मिटलेले ठेवून ती म्हणाली, "दिसतंय गं मला, आई."