स्लॅबवरची उडी

नवा फ्लॅट दाखवायला गेले की चाचा आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवायचे. मग हॉलच्या मधोमध उभे राहून, पाय जुळवून धप्पकन उडी मारायचे. "थेंब सांडला न्हाई. बिल्डिंग पास!"

भूकंपानंतर लातुरात कितीतरी जण स्लॅबखाली झोपायला धजत नव्हते. तुमच्याही ओळखीत असेल कुणीतरी, पक्कं घर सोडून अंगणात खाट टाकणारं. पुढे क्लासेस वाढले, पोरांसाठी आईबाप घरं शोधत यायला लागले. एका बिल्डरने जुन्या तेलगिरणीचं फाटक तेवढं ठेवून मागे 'लग्झरी' फ्लॅट उभे केले. मी त्याचं ऑफिस सांभाळायचे, चाचा गिऱ्हाईक आणायचे.

एकदा भोकरहून एक कुटुंब आलं. आई दारातच थबकली. चाचांनी उडी मारली. मुलगी म्हणाली, "चाचा, भूकंप खालून येतो."

"खालचं इंजिनिअरनं बघितलंय बेटा. माझ्याकडं वरचं काम हाय."

आई हसली आणि चपला काढून आत आली. फ्लॅट गेला.

मी काही उडीला भुलले नाही. भाव पटला, म्हणून तिथलाच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला.

ऐन मे महिन्यात एकदा किल्ल्या आणायला चाचांच्या घरी गेले, तर नवराबायको पत्र्याच्या खोलीत! शेजारच्या त्यांच्याच पक्क्या घरात भूकंपापासून नुसती धान्याची पोती.

चाची पदराने वारा घेत म्हणाल्या, "लोकांना चौथ्या मजल्यावर चढवतात, आन मला हितं भाजून काढतात."

"माझ्या डोक्यावरचा फ्लॅट अजून रिकामा आहे," मी सहज म्हटलं.

चाचांनी डोळे वटारले. "ताई, तुम्ही बिल्डरच्या का हिच्या?"

दुसऱ्याच दिवशी चाची फ्लॅट बघायला हजर. पेला त्यांनी स्वतः ओट्यावर ठेवला. "मारा उडी. पास झाली तर हितंच ऱ्हायचं. नापास असंल तर ताईंसमोर म्हणा."

चाचांनी उडी मारली, लोकांच्या घरात मारायचे त्याच्या निम्मीही नाही.

"पास," ते पुटपुटले.

राहायला आल्यावर रोज दिवेलागणीला, पायातले बूट काढायच्या आधी, वरून धप्प! माझ्या पंख्यावरची धूळ ताटात.

"चाचा, एक दिवस छत येईल माझ्या डोक्यावर."

"आलं तर सांगा ताई. लगेच नापास करतो."

गेल्या थंडीत चाचा गेले. झोपेतच, त्याच स्लॅबखाली. वरचा आवाज बंद झाला. ताट स्वच्छ राहायला लागलं.

परवा दिवेलागणीला वरून ठक्क आवाज आला. जाऊन पाहिलं, तर हॉलच्या मधोमध चाची मुसळ घेऊन उभ्या. गुडघे उडी मारण्यातले राहिले नाहीत त्यांचे. ओट्यावर भरलेला पेला.

"बघा ना ताई, सांडलं का? माझी नजर न्हाई पोचत."

मी ओट्यावरून हात फिरवला. कोरडा होता.

"पास," मी म्हटलं आणि पंखा पुसायला खाली आले.